ताईसाहेबांना शाळेत जायचंय

गौरी जेवल्या त्या दिवशी माझी भाची आमच्याकडे आली होती. अकरावीतली. जेवणं आटोपली, मोठी माणसं पानसुपारीला बसली आणि ही खिडकीच्या कट्ट्यावर पाय पोटाशी घेऊन मोबाईलवर काहीतरी वाचत होती, अंगठा उलट्या दिशेने सरकवत. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचायची असते हे तिनेच मला शिकवलंय. "कशाची गोष्ट आहे गं?" म्हटलं, तर म्हणाली, "एका मुलीची. तिचे आजोबा गँगचे बॉस आहेत. पण गोड आहे गं मावशी, वाच तू."

मी वाचली. 'ओजो तो बानकेन-कुन' हे तिचं जपानी नाव. लेखिका हात्सुहारू. मुख्यतः तरुण मुलींसाठीची ही मांगा. २०२३ मध्ये तिच्यावर अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका झाली आणि २०२५ मध्ये चित्रपट. नायिका इसाकु सेनागाकी. पाच वर्षांची असताना आईवडील गेले, तेव्हापासून ती आजोबांच्या घरी वाढली. आजोबा याकुझा, म्हणजे जपानी संघटित गुन्हेगारांच्या, टोळीचे प्रमुख. घरात काळ्या सूटमधली, अंगभर गोंदलेली माणसं तिच्यापुढे कमरेत वाकतात, पण शाळेत तिच्या बाकावर कोणी बसत नाही. म्हणून ती ठरवते, आता हायस्कूल असं निवडायचं जिथे आपलं घराणं कोणालाच ठाऊक नसेल. मैत्रिणी करायच्या, कोणावर तरी प्रेम करायचं, चारचौघींसारखं राहायचं. शाळेच्या पहिल्याच दिवशी मात्र कळतं, की तिला लहानाचं मोठं करणारा, टोळीतला वजनदार माणूस केइया, वय वर्षं सव्वीस, मागच्या दाराने प्रवेश मिळवून गणवेश घालून तिच्याच शाळेत येऊन बसलाय. तिच्या रक्षणासाठी. पुढे विनोद आणि प्रेम, दोन्ही या केइयाभोवतीच फिरतं.

'ओजो' म्हणजे मोठ्या घरच्या लेकीला नोकरमाणसांनी मारलेली हाक. आपल्याकडे वाड्यावर 'ताईसाहेब' म्हणायचे, तशी. 'बानकेन' म्हणजे राखणीचा कुत्रा. ताईसाहेब आणि त्यांचा राखणदार. नावातच सगळी गोष्ट आली.

ही कल्पना काही नवी नाही. जिरो आकागावा यांची कादंबरी १९७८ मध्ये आली, त्यात एक शाळकरी मुलगी एका छोट्या टोळीची वारस होते. १९८१ मध्ये त्यावर चित्रपट आला आणि खलाशी धाटणीच्या शाळेच्या गणवेशात मशीनगन चालवणारी ती मुलगी जपानमध्ये घराघरात पोचली. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं हा प्रकार टिकून आहे. तेव्हा तो खपतो का, हा प्रश्नच नाही. प्रश्न हा, की अशा गोष्टींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मला चुकीच्या जागी घेतलेला वाटतो.

आक्षेप असा: या गोष्टी गुंडांना गोंडस करतात. पोरांना त्यांचं आकर्षण वाटायला लागतं. मलाही पहिल्या दोन प्रकरणांनंतर हेच वाटलं होतं, आणि भाचीला तसं म्हणूनही टाकलं. नंतर जपानमधली परिस्थिती शांतपणे आठवली तेव्हा हा आक्षेप टिकेना. जपानी पोलिसांच्या मोजणीप्रमाणे १९६३ मध्ये याकुझा टोळ्यांत एक लाख ८४ हजारांच्या आसपास माणसं होती. २०२४ च्या अखेरीस हा आकडा १८,८०० वर आला. जवळजवळ दहावा हिस्सा. उरलेल्यांत अर्ध्याहून अधिक पन्नाशी ओलांडलेले आणि विशीतली पोरं अगदी थोडी. याच काळात याकुझांवरच्या गमतीदार, प्रेमळ मांगांचं पीक आलं. चित्रकथा वाचून पोरं टोळीत जात असती तर टोळ्या अशा म्हाताऱ्या झाल्या नसत्या.

जपानी तरुण आज गुन्हेगारीकडे वळतात ते दुसऱ्याच वाटेने. 'यामी बाइतो', म्हणजे काळी अर्धवेळ नोकरी, अशा नावाने ती वाट ओळखली जाते. समाजमाध्यमावर जाहिरात येते, एका दिवसात भरपूर पैसे. पोरगा ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि अडकतो. मग त्याला वृद्धांची फसवणूक करायला, घर फोडायला पाठवतात. हुकूम देणारा कोण, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. तिथे ओयाबुन, म्हणजे टोळीचा म्होरक्या, नाही, शपथेचा साकेचा (तांदळाच्या मद्याचा) पेला नाही, मोठं घर नाही आणि घरात ताईसाहेबही नाहीत. चित्रकथेतला दिमाख या पोरांना ओढत नाही. त्यांना ओढतं ते थकलेलं भाडं आणि कर्ज.

तरीही या गोष्टी काय झाकतात ते स्पष्ट म्हटलं पाहिजे. 'ओयाबुन' या शब्दात 'आईबाप' आहेत आणि 'कोबुन', म्हणजे त्याचा चेला, या शब्दात 'मूल'. टोळी म्हणजे घर, ही टोळीने स्वतःसाठी रचलेली भाषा आहे. साठच्या दशकातल्या जपानी चित्रपटांनी ती उचलून धरली, नायक शब्दाचे पक्के, दुबळ्यांचे कैवारी. जुझो इतामी या दिग्दर्शकाने १९९२ मध्ये ही प्रतिमा फाडली. त्याच्या 'मिनबो नो ओन्ना'मध्ये एक स्त्री वकील हॉटेलच्या नोकरांना शिकवते, की हे लोक आरडाओरडा करणारे खंडणीखोर आहेत, घाबरू नका, कायदा धरून बसा. तोही विनोदी चित्रपट. मेच्या मध्याला तो प्रदर्शित झाला आणि आठवडाभरात, २२ मे रोजी, गोतो-गुमी टोळीच्या माणसांनी इतामीला घराजवळ गाठून त्याच्या चेहऱ्यावर सुऱ्याने वार केले. कोणत्या विनोदावर टोळ्या हसतात आणि कोणत्या विनोदावर सुरा काढतात, हे त्या एका प्रसंगात दिसतं. किताक्यूशू शहरातल्या कुदो-काई टोळीने तर साध्या नागरिकांना सोडलं नाही. १९९८ मध्ये मच्छीमार सहकारी संस्थेच्या एका माजी प्रमुखाला गोळ्या घातल्या. २०१३ मध्ये एका परिचारिकेला भोसकलं, कारण ती ज्या दवाखान्यात काम करायची तिथल्या उपचारांवर टोळीचा म्होरक्या नाराज होता. त्या म्होरक्याला, सातोरू नोमुरा याला, २०२१ मध्ये खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली. २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली.

इसाकुच्या घरातली काळ्या सूटवाली माणसं दिवसा काय करून येतात, हे त्या मांगात येत नाही. ते मला खटकलं, पण त्याहून जास्त मला दुसरीच गोष्ट खटकली आणि ती पहिल्या पानांवर आहे. शाळेत तिच्या बाकावर कोणी बसत नाही. या वाक्यावर गोष्ट सुरू होते आणि ते वाक्य तंतोतंत खरं आहे. गोष्ट तिथे थांबत नाही, पुढे धावते.

त्या बाकावर बसलेली एक खरी मुलगी जपानी वाचकांना माहीत आहे. शोको तेंदो. जन्म १९६८, वडील ओसाकाकडच्या टोळीचे म्होरके. २००४ मध्ये तिने आत्मकथन लिहिलं, ते पुढे 'याकुझा मून' या नावाने इंग्रजीतही आलं. शाळेत 'याकुझाची पोर' म्हणून तिला वेगळं पाडलं. बारा-पंधराव्या वर्षी ती रस्त्यावरच्या टोळक्यात गेली, सुधारगृहात राहून आली, नशेत अडकली. तिला मारणारे, नशेला लावणारे पुरुष याच जगातले होते. तिचा राखणदार कोणी झाला नाही. ज्या घराने तिचं नाव सगळ्यांसाठी भीतीचं केलं, त्या घरातून तिला संरक्षण मिळालं नाही, आणि बाहेरच्या जगाने तिला त्या घराचाच भाग मानून टाकलं. ते पुस्तक वाचल्यावर मांगातली इसाकु माझ्यासाठी बदलली. तिचं मैत्रिणींचं वेड मला गमतीचं वाटेना.

याला आणखी एक कारण आहे, ते माझं खासगी आहे. मी सहावीत असताना आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील 'आत' असायचे. कुठे आत, हे आम्ही विचारायचं नसतं एवढं आम्हाला कळत होतं. एकदा तिने वर्गातल्या सगळ्यांना वाढदिवसाला बोलावलं. छोट्या गुलाबी कार्डावर स्वतःच्या अक्षरात पत्ता लिहून, चाळीसभर कार्डं. आईने ते कार्ड वाचलं, डब्यांच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "आपण नाही जायचं." दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली ती पातेल्यावर कापड बांधून. त्यात कालचे उरलेले बटाटेवडे होते. मधल्या सुट्टीत तिने सगळ्यांना विचारलं, हवेत का. आम्ही घेतले, खाल्ले, आणि कोणी काही बोललं नाही. आईचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, तिला आमची काळजी होती. पण त्या वड्यांचा मऊ पडलेला पापुद्रा मला अजून आठवतो.

आता जपानकडे परत येते, कारण तिथे ही 'आपण नाही जायचं' नियमात उतरली आहे. १९९२ मध्ये टोळीविरोधी कायदा लागू झाला. तरी टोळीचं सभासद असणं हा तिथे मुळात गुन्हा नाही, टोळ्यांना 'घोषित' करून त्यांच्या वागण्यावर बंधनं येतात. खरा फास आवळला तो प्रांतांच्या बहिष्कार नियमांनी. ऑक्टोबर २०११ पर्यंत सगळ्या ४७ प्रांतांत ते लागू झाले. हे नियम टोळीवाल्याला पकडत नाहीत, ते त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या नागरिकाला रोखतात. त्यामुळे बँक, घरमालक, मोबाईल कंपनी, विमा, सगळीकडे करारात एक कलम असतं: मी समाजविघातक शक्तींपैकी नाही. खोटं लिहिलं तर फसवणूक. ओळख लपवून गोल्फ खेळल्याचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेत. टोळी सोडली तरी साधारण पाच वर्षं माणूस त्याच यादीत राहतो. या नियमांनी टोळ्यांचं कंबरडं मोडलं हे खरंच आहे, आणि ते मोडायलाच हवं होतं.

पण बापाचं बँक खातं बंद झालं की मुलीच्या शाळेत काय होतं, ते बघा. जपानमधल्या प्राथमिक शाळांत दुपारचं जेवण वर्गात सगळे मिळून घेतात आणि त्याचे पैसे अनेक वर्षं बऱ्याच ठिकाणी पालकांच्या खात्यातून आपोआप वळते होत आले. ज्या घरात खातं नाही, त्या घरचं मूल रोख रकमेचं पाकीट दप्तरातून आणतं. वर्गात एकटं तेच आणतं. ते पाकीट शिक्षिकेच्या टेबलावर ठेवताना मागच्या बाकावरून दिसतं. घराणं लपवायचं ठरवलेल्या मुलीची इतकी तयारी एका पाकिटाने वाया जाते. २०१५ मध्ये तोकाई टीव्हीने ओसाकातल्या एका टोळीच्या कार्यालयात कॅमेरा नेऊन 'याकुझा आणि राज्यघटना' हा माहितीपट केला, त्यात टोळीवाल्यांच्या तक्रारींत हेच होतं: पाळणाघराने नाकारलं, मुलांच्या शाळेचे पैसे भरता येत नाहीत. तक्रार करणारे गुंड होते म्हणून ऐकणाऱ्याला कणव येत नाही. मलाही त्यांच्याबद्दल आली नाही. पण ज्या मुलांच्या नावाने ती तक्रार होती, त्यांनी काही केलेलं नव्हतं.

तोक्योच्या नियमांत असंही आहे, की शाळेपासून २०० मीटरच्या आत टोळीचं कार्यालय उघडता येणार नाही. योग्यच आहे. मी फक्त त्या २०० मीटरांचा विचार करते. ते अंतर टोळीला शाळेपासून दूर ठेवण्यासाठी आखलंय आणि एक मूल ते रोज सकाळी चालून पार करतं. त्याच्यासाठी त्या नियमात एक ओळ हवी होती.

यावर कोणी विचारेल, आणि विचारावंच, की त्या परिचारिकेच्या घरच्यांना काय वाटेल? दर महिन्याला टोळीला हप्ता देत आलेल्या दुकानदाराच्या मुलीची फी कोण भरतो? म्होरक्याच्या लेकीचं जेवण खंडणीच्या पैशातून येत असेल, तर ते पाकीट शिक्षिकेने का घ्यावं? हा प्रश्न मला खोटा वाटत नाही, आणि त्याला गोड उत्तर नाही. दुकानदाराची मुलगी माझ्यासाठी आधी येते. पण त्या मुलीला न्याय मिळवून देण्याचं काम पोलीस आणि न्यायालय करतात, आणि जपानमध्ये ते बऱ्यापैकी झालं. म्होरक्याची मुलगी वर्गात एकटी बसली म्हणून दुकानदाराच्या मुलीला एक येनही परत मिळत नाही. उलट, जिला बाहेर एकही ओळखीचं माणूस राहत नाही, तिच्याकडे शेवटी घरातलीच माणसं उरतात. टोळीला हेच हवं असतं. मुलांच्या या एकटेपणाची किंमत टोळीवाल्यांना पक्की कळते. कोबेमध्ये यामागुची-गुमीच्या मुख्यालयात दरवर्षी हॅलोविनला परिसरातल्या मुलांना खाऊ वाटायचे, रांगा लागायच्या. २०२० मध्ये ह्योगो प्रांताला मुलांना काहीही द्यायला बंदी करणारा नियम आणावा लागला. टोळी मुलांकडे हात पुढे करत असताना शाळेने आणि बँकेने तो मागे घ्यायचा नसतो.

मांगाशी माझं भांडण नेमकं इथे आहे. इसाकुला बाहेर जायचंय. सुरुवातीलाच ती तेच ठरवते. गोष्ट तिला काय देते? घरातलाच माणूस शाळेत आणून बसवते. तिच्याकडे बघणारा प्रत्येक मुलगा केइयाच्या नजरेने पळून जातो आणि ते हसण्यासाठी असतं. शेवटी तिचं प्रेमही त्याच्यावरच जडतं, ज्याने तिला पाच वर्षांची असल्यापासून सांभाळलं, तिची वेणी घातली असेल, ताप बघितला असेल. २०२२ मध्ये जपानने मुलींचं लग्नाचं वय १६ वरून १८ केलं. २०२३ च्या जुलैमध्ये संमतीवय १३ वरून १६ वर नेलं, शंभराहून अधिक वर्षांनी. त्याच वर्षी ही अ‍ॅनिमे पडद्यावर आली. लेखिकेने केइयाला बऱ्याच ठिकाणी संयमी दाखवलंय, स्वतःला आवरणारा दाखवलंय, हे मी मान्य करते. पण माझा आक्षेप त्याच्या वयापुरता नाही. समाज या मुलीला म्हणतो, तू त्या घरचीच, आत राहा. मांगा म्हणते, तुला हवं ते सगळं त्या घरातच आहे, आत राहा. एकाच्या आवाजात तिरस्कार आहे आणि दुसऱ्याच्या आवाजात लाड, पण दार दोघांनीही बंदच ठेवलंय.

भाचीला हे मी सांगितलं तेव्हा ती चिडली. "मावशी, ती हॅपी आहे ना पण!" म्हणाली. मी म्हटलं, हो, आहे. मग विचारलं, तिला मैत्रीण मिळाली का गं? थोडं थांबून म्हणाली, "आहे एक. पण तिचं फार काही दाखवत नाहीत." मला तिचं ते थांबणं आवडलं. तिने मोबाईल खाली ठेवला नाही आणि मी ठेवायला सांगितलाही नाही. अशा गोष्टींवर बंदी घालायची, वयाचे शिक्के मारून दूर ठेवायच्या, यातून काही साधत नाही. सोळाव्या वर्षी मुलींना संरक्षणाची स्वप्नं पडतात, माझ्याही पिढीला पडली. फक्त त्या मैत्रिणीचं थोडं जास्त दाखवा, एवढं लेखिकांकडे मागावंसं वाटतं. तिच्या आईने "आपण नाही जायचं" म्हटलं असेल. तरी ती कशी आली? गुलाबी कार्ड हातात घेऊन त्या दारापर्यंत कशी पोचली? त्या प्रकरणात हसण्यासारखंही खूप असेल आणि भीतीही खरी असेल.

जपान सरकारकडूनही मागणं लहानच आहे. २०२२ मध्ये तिथल्या पोलीस यंत्रणेने टोळी सोडलेल्यांना बँक खातं उघडता यावं म्हणून मदतीची सूचना काढली, कारण खातं नाही म्हणून पगार नाही आणि पगार नाही म्हणून माणूस परत टोळीत, हे चक्र त्यांना दिसलं होतं. तोच विचार एक पायरी खाली न्यावा. मुलाचं शिक्षण, जेवण, दवाखाना, यासाठीचं खातं मुलाच्या नावाने असावं आणि तिथे बापाबद्दलचं ते कलम विचारलं जाऊ नये. बापावर नजर ठेवायची तर त्याच्या खात्यावर ठेवा.

किताक्यूशूत कुदो-काईचं मुख्यालय होतं, उंच भिंतींचं. २०१९-२० मध्ये ते पाडलं. जागा बेघरांसाठी अनेक वर्षं काम करणाऱ्या एका स्थानिक संस्थेने घेतली आणि तिथे एकटे वृद्ध, घर नसलेली माणसं आणि मुलं यांच्यासाठी सर्वांना येता येईल असं केंद्र उभारायचं ठरवलं. ज्या भिंतीकडे बघताना शेजारी रस्ता बदलायचे, तिथे आता दार असणार आहे. त्या टोळीतल्या माणसांनाही लेकी असतील, काही त्याच शहरात शाळेत जात असतील. संध्याकाळी दप्तर घेऊन त्यांतली एखादी त्या दारात आली, तर तिला आडनाव न विचारता आत घेतात का, हे मला बघायचंय.